अंधांनी बनवलेला माल विकत घेणार कोण?

प्रश्न एका ताईंचा आहे. जिल्ह्याच्या गावी त्यांची लहानशी संस्था आहे. पंचवीसएक अंध कामगार मेणबत्त्या, खडू आणि फाईलचे टॅग बनवतात. दिवाळीचे दोन महिने सोडले तर माल पडून राहतो. अमेरिकेत सरकारी कचेऱ्यांतलं पेन अंध कामगार बनवतात आणि सरकारने ते घ्यावं असा तिथे कायदाच आहे, असं त्यांच्या कानावर आलं. त्या संस्थेचा इतिहास काय आणि आपल्याकडे तसं का होत नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी मुंबईत आधी अंधांच्या कार्यशाळेत आणि नंतर त्यांना नोकऱ्या मिळवून देण्याच्या कामात मिळून तेहेतीस वर्षं काढली. तुमचा प्रश्न मला पहिल्याच वर्षी पडला होता. ते पेनही माझ्याकडे आहे, भाच्याने न्यू जर्सीहून येताना आणलेलं. काळी दांडी, वर पांढऱ्या अक्षरांत ‘स्किलक्राफ्ट, यू. एस. गव्हर्नमेंट’. दिसायला काही खास नाही. आपल्याकडे दहा रुपयांत मिळतं तसंच. पण ते समजून घ्यायचं तर आधी झाडूपासून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेतली अंधांची पहिली मोठी शाळा बोस्टनची, पर्किन्स. तिची स्थापना 1829 ची आणि वर्ग सुरू झाले 1832 मध्ये. सॅम्युएल ग्रिडली हाऊ हे तिचे पहिले संचालक. मुलं शिकली, हाताला कसब आलं, शाळा सोडून बाहेर पडली आणि काम काही मिळेना. म्हणून 1840 च्या सुमारास शाळेलाच मोठ्या माणसांसाठी वेगळी कार्यशाळा काढावी लागली. तिथे गाद्या बनत. शिकवलं म्हणजे नोकरी लागते हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. आपण आजही कोर्स काढतो, प्रमाणपत्रं वाटतो, फोटो काढतो. असो.

पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शहराशहरांत अशा कार्यशाळा निघाल्या. त्यांतली ब्रुकलिनची ‘इंडस्ट्रियल होम फॉर द ब्लाइंड’ महत्त्वाची. ती 1893 मध्ये एबेन मॉरफर्ड या गृहस्थांनी काढली. ते स्वतः अंध होते. मुख्य माल झाडू. तिकडचा झाडू ज्या गवतासारख्या काड्यांचा होतो, ती काडी म्हणजे ज्वारीचीच एक जात. कणसाचे तुरे लांब आणि चिवट असतात, दाण्यासाठी कोणी लावत नाही. तुरे दांड्याभोवती तारेने आवळून गुंडाळायचे, मग चापात धरून चपटे करायचे आणि जाड दोऱ्याने शिवायचे. हे सगळं काम बोटांचं. तार किती ताणली हे हाताला कळतं, शिलाईची ओळ अंगठ्याने मोजता येते. म्हणून झाडू. अंधांना झाडूच का देतात असं लोक नाक मुरडून विचारतात, त्याचं हे साधं उत्तर आहे. दुसरं उत्तर जरा कडू आहे: भांडवल कमी लागतं आणि पर्याय शोधायचा कंटाळा येतो.

आमच्याकडे झाडूच्या जागी वेत होता. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांच्या बैठका वेताच्या असत, फाटल्या की विणायला आमच्याकडे येत. आमच्याकडे एक काका होते, जन्मांध. विणून झालं की ते बैठकीवर तबल्यासारखी थाप मारायचे. टणक वाजली तर खुर्ची पुढे, बद वाजली तर ज्याने विणली त्याच्याकडे परत. त्यांनी पास केलेली खुर्ची कधी परत आली नाही. मग ओतीव प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि तीन-चार वर्षांत वेताचं खातं बंद झालं. काकांच्या हातात काही कमी नव्हतं. खुर्ची पाठवणारा राहिला नव्हता.

ब्रुकलिनवाल्यांना हेच भोगावं लागलं, पण त्यांचं संकट वेगळं होतं. तुरुंग. अमेरिकेतल्या तुरुंगांत कैद्यांकडून झाडू करून घेत आणि बाजारात स्वस्तात ओतत. मजुरी जवळजवळ शून्य, तेव्हा भावात त्यांच्याशी कोण झुंजणार? त्यात 1929 नंतरची मंदी. डोळस कारागीरच बेकार फिरत होते, तिथे अंधांचा झाडू कोण विचारतो? तुरुंगातल्या मालाच्या विक्रीवर बंधनं घालणारे कायदे त्याच सुमारास झाले, पण तेवढ्याने भागणारं नव्हतं.

इथे पीटर सॅमन नावाचा माणूस येतो. हा पर्किन्सचाच विद्यार्थी, दृष्टी अगदी अधू. 1917 मध्ये ब्रुकलिनच्या संस्थेत कामाला लागला आणि पुढे तिचा प्रमुख झाला. त्याचा हिशेब सरळ होता. देशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण? केंद्र सरकार. लष्कर, टपालखातं, इस्पितळं, हजारो कचेऱ्या. या सगळ्यांना झाडू लागतोच. तो आमच्याकडून घ्या. दान नको, ऑर्डर द्या. सॅमन आणि ‘अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड’ची मंडळी यांनी त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा केला. न्यूयॉर्कचे सिनेटर रॉबर्ट वॅग्नर आणि न्यूयॉर्कच्याच प्रतिनिधी कॅरोलिन ओडे यांनी विधेयक मांडलं. 25 जून 1938 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली. हाच वॅग्नर-ओडे कायदा.

कायदा चांगला छोटा आहे. ‘झाडू, मॉप आणि इतर योग्य वस्तू’ असे शब्दच त्यात आहेत. एक समिती नेमायची. कोणती वस्तू अंधांच्या कार्यशाळांकडून घ्यायची ते तिने ठरवायचं, आणि भावही तिनेच ठरवायचा, बाजाराला धरून. वस्तू एकदा यादीत आली की केंद्र सरकारच्या खात्यांनी ती तिथूनच घ्यायची, निविदा नाही. कार्यशाळेवर अट एवढीच की मालावरच्या प्रत्यक्ष कामाचे पंचाहत्तर टक्के तास अंध कामगारांचे हवेत. यात एक गंमत आहे. केंद्रीय तुरुंग-उद्योगांचा पहिला हक्क मात्र तसाच ठेवला. म्हणजे आधी कैदी, मग अंध!

आता यादी झाली, पण लष्कराला हजारो झाडू हवे असतील तर कोणत्या गावच्या कार्यशाळेने किती द्यायचे? दर्जा सारखा कसा ठेवायचा? कच्चा माल कुठून आणायचा? यासाठी त्याच 1938 साली ‘नॅशनल इंडस्ट्रीज फॉर द ब्लाइंड’ ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली. ही संस्था स्वतः काही बनवत नाही. ती ऑर्डर घेते, कार्यशाळांत वाटून देते, नमुने तपासते, नवी वस्तू शोधून समितीपुढे ठेवते आणि विक्रीवर थोडं कमिशन घेते. ताई, तुम्ही ज्या संस्थेबद्दल ऐकलंत ती हीच. माझ्या मते खरी करामत कायद्याइतकीच या मधल्या माणसाची आहे. दहा लहान कार्यशाळा एकेकट्या कुठल्याही खरेदी अधिकाऱ्यापुढे उभ्या राहू शकत नाहीत. एकाकडे वेळेवर माल नसतो, दुसऱ्याकडे बिलाचा कागद नसतो, तिसऱ्याचा सचिव फोन उचलत नाही. हे मी आपल्याच मंडळींबद्दल बोलतोय.

वर्षभरात युद्ध पेटलं. लष्कराच्या मागण्या सुरू झाल्या: झाडू, मॉप, गाद्या, उशांचे अभ्रे. कार्यशाळा रात्रंदिवस चालल्या. शिवाय कारखान्यांत माणसं कमी पडू लागल्यावर अंध लोकांना सर्वसाधारण कारखान्यांतही यंत्रांवर घेतलं गेलं. तोपर्यंत ‘यांना जमणार नाही’ म्हणणाऱ्यांनीच त्यांना घेतलं. युद्ध संपलं, सैनिक परतले आणि यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा घरी बसावं लागलं.

पेन आलं 1952 मध्ये. सरकारला सर्वत्र चालेल असं एकच बॉलपेन हवं होतं आणि त्याच सुमारास ‘स्किलक्राफ्ट’ हे व्यापारी नाव सुरू झालं. पेनासाठी सरकारची जी मानकं होती ती सोळा पानांची. त्यातल्या दोन अटी सांगतो. शाई न थांबता एक मैलभर रेघ ओढील इतकी पाहिजे. आणि उणे 40 अंशांच्या थंडीत, तसंच 71 अंश सेल्सिअसच्या उष्णतेत पेन चाललं पाहिजे. विस्कॉन्सिन आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या कार्यशाळांत अंध कामगार ते जोडत आले आहेत. पेनावर ‘अंधांनी बनवलेलं’ असं मोठ्या अक्षरांत कुठेही नाही. टपालखात्यात त्याच पेनाने वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या माणसाला ते कोणी जोडलं याचा पत्ताही नसतो. मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या मेणबत्तीच्या खोक्यावर मोठ्ठं लेबल होतं, ‘अंध बांधवांनी बनवलेली’. लोक मेणबत्ती घ्यायचे, पण एक. दया एका मेणबत्तीत भागते.

पेन जोडणं म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण एका कंपनीचं असं जॉबवर्क आम्हीही दीड वर्ष केलं. खालची नळी, रिफिल, स्प्रिंग, वरची नळी, खटका. नळ्या आणि रिफिलचा त्रास नाही. छळते ती स्प्रिंग. ती नखाएवढी असते, एकमेकींत अडकते आणि टेबलावरून घरंगळली की गेली. आम्ही प्रत्येकासमोर गोणपाटाचा तुकडा पसरायचो, त्यावर स्प्रिंग जागच्या जागी राहते. तयार पेन ठेवायला पन्नास भोकांची लाकडी फळी. भोकं भरली की पन्नास झाले, वेगळं मोजायला नको. शेवटी खटका कानाशी दाबून बघायचा. स्प्रिंग राहिली असेल तर आवाज मोकळा येतो. डोळस तपासनीस दिवसाच्या शेवटी थकून चुकायचा, कान नाही चुकायचे. दीड वर्षाने कंपनीत नवे व्यवस्थापक आले आणि काम दुसरीकडे गेलं. तक्रार काही नव्हती, मालही नापास झाला नव्हता. आधीच्या साहेबांनी आमच्यासाठी म्हणून दिलेलं काम होतं, साहेब गेले तसं तेही गेलं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर इतिहास अर्धाच राहील.

वॅग्नर-ओडे कायद्यावर सही झाली त्याच दिवशी, 25 जून 1938 लाच, अमेरिकेच्या किमान वेतनाच्या कायद्यावरही सही झाली. तासाला 25 सेंट. आणि त्याच कायद्यात एक पळवाट होती: अपंग कामगारांना खास परवाना काढून किमान वेतनाहून कमी देता येईल. म्हणजे एका सहीने काम दिलं आणि दुसरीने त्या कामाचं पुरतं मोल न देण्याची मुभा दिली. नगावर मजुरी, आणि वर ‘तुमच्यासाठीच चाललंय हे’ असं ऐकवणं. हे आपल्याकडेही अगदी ओळखीचं आहे. आपल्या 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या कलम 26 मध्येही अपंग कामगारांना वगळण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता.

याविरुद्ध अंधांमधूनच आवाज उठला. नोव्हेंबर 1940 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे या गावी ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ स्थापन झालं. त्याचे पुढारी याकोबस टेनब्रूक स्वतः अंध होते, बर्कलीला प्राध्यापक होते, राज्यघटनेचे अभ्यासक होते. यांचं म्हणणं असं की कार्यशाळा ही पायरी असायला हवी होती, ती कोंडवाडा झाली. माणूस एकदा आत गेला की बाहेर पडत नाही, वर चढत नाही. मुकादम डोळस, व्यवस्थापक डोळस आणि खाली सगळे अंध.

त्यात तथ्य होतं, आणि का होतं ते मला आतून माहीत आहे. पंचाहत्तर टक्क्यांची अट बघा. ती मालावर हात लावणाऱ्यांची मोजणी करते, ऑफिसात बसणाऱ्यांची नाही. म्हणजे अंध माणसाला मुकादम केलं तर कार्यशाळेचा आकडा घटतो! आणि जो सर्वांत चलाख कारागीर, जो बाहेर कुठेही टिकला असता, त्याच्याच जिवावर उत्पादन चालतं, त्याला सोडायला कोण तयार होईल? कोणी वाईट असतो असं नाही. मीही एका मुलाला टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीला पाठवायचं दोन महिने लांबवलं होतं, कारण आमची एक ऑर्डर अर्धी राहिली होती. ती जागा गेली. त्याला पुढे दुसरी मिळाली, पण त्या दोन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. 1971 मध्ये सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकाराने कायदा वाढवला: इतर तीव्र अपंगत्व असलेल्यांनाही घेतलं आणि वस्तूंबरोबर सेवाही आल्या. कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे का यावर खटले झाले. 2006 पासून कार्यक्रमाचं नाव ‘अ‍ॅबिलिटीवन’ आहे. आता झाडूबरोबर लष्करी तळांवरची दुकानं आणि कॉल सेंटरही त्यात चालतात. आणि किमान वेतनाची ती पळवाट या कार्यक्रमाच्या कामांपुरती 2022 च्या नियमाने बंद झाली. एका सहीची दुरुस्ती व्हायला चौऱ्याऐंशी वर्षं लागली.

आणखी एक प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण कायदा झाला की सुटलो असं तुम्हाला वाटू नये. नॉर्थ कॅरोलिनात विन्स्टन-सेलमला अंधांची एक मोठी कार्यशाळा आहे. माजी सैनिकांच्या खात्यासाठी ती चष्मे बनवायची. हो, अंध माणसं चष्मे बनवायची. त्याच खात्यावर दुसऱ्या एका कायद्याने असंही बंधन होतं की माजी सैनिकांच्या छोट्या कंपन्यांना आधी विचारा. दोन्ही कायदे एकमेकांना भिडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि 2018 मध्ये अपील कोर्टाने सैनिकांच्या बाजूने निकाल दिला. त्या खात्याचं चष्म्यांचं काम हातचं गेलं. दोन्ही बाजूंना सहानुभूती मिळावी अशीच माणसं होती. सरकारी गिऱ्हाईक हमखास असतं, पण दुसरा कायदा आडवा येईपर्यंतच.

स्पेनचं उदाहरण टाळता येत नाही म्हणून त्याबद्दल थोडं. तिथे 13 डिसेंबर 1938 ला, यादवी युद्ध चालू असताना, अंधांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ‘ओन्से’. तिने सरकारी ऑर्डर मागितली नाही, लॉटरी मागितली. अंध विक्रेते रस्त्यावर रोज कूपन विकतात. पहिली सोडत मे 1939 ची. आज त्याच पैशावर संघटनेचे स्वतःचे उद्योग उभे आहेत. गिऱ्हाईक म्हणजे सगळा रस्ता. मात्र मक्तेदारी सरकारनेच दिलेली आहे, हे विसरू नका. नाहीतर आपल्याकडेही रेल्वे स्टेशनबाहेर लॉटरीची तिकिटं विकणारे अंध बांधव काही कमी नव्हते.

आता आपल्याकडे तसं का नाही. आपण वाट दुसरी धरली. डेहराडूनला 1950 मध्ये प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र निघालं, मुंबईत 1952 मध्ये ‘नॅब’ म्हणजे ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ स्थापन झाली, अपंगांसाठीचं पहिलं खास सेवायोजन कार्यालयही मुंबईतच, 1959 चं. मग 1977 मध्ये केंद्राच्या क आणि ड वर्गांत अपंगांना तीन टक्के राखीव जागा, अपंगांच्या हक्कांचा 1995 चा कायदा, मग 2016 चा कायदा आणि चार टक्के, त्यात अंध व अल्पदृष्टींना एक टक्का. सगळा भर नोकरीच्या जागेवर. त्याने हजारो घरं उभी राहिली, मी स्वतः कित्येकांना बँकेत आणि महापालिकेत चिकटवलं आहे. पण जागा राखली, माल राखला नाही. बरं, माल राखणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. केंद्राच्या खरेदी नियमांत खादी आणि हातमागाला खास स्थान आहे. 2012 च्या धोरणाप्रमाणे केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी ठरावीक हिस्सा लघुउद्योगांकडून घ्यायचा आहे. तो हिस्सा आता पंचवीस टक्के आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना चार आणि महिलांना तीन टक्के राखून ठेवले आहेत. अंधांच्या कार्यशाळेसाठी त्यात वेगळा रकाना नाही. मागायला गेलेला पीटर सॅमन आपल्याकडे निघाला नाही असं म्हणता येईल. आम्ही सगळे दिवाळीच्या स्टॉलवर उभे होतो.

तुमच्या संस्थेचं म्हणाल तर मेणबत्त्या दिवाळीपुरत्याच ठेवा. खडूचा भरवसा धरू नका, शाळांत पांढरे फळे आले आहेत. फाईलच्या टॅगचं मात्र बघा. दोरीच्या दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी दाबायची, एवढंच काम, साचा हाताखाली असेल तर सहा दिवसांत हात बसतो. कागद पुष्कळ कमी झाला तरी आपल्या कचेऱ्या अजून टॅगवर चालतात. जिल्हा परिषदेच्या भांडार विभागात जा, वर्षाला किती गठ्ठे लागतात आणि गेल्या वर्षी काय भावाने घेतले ते विचारा. सांगितलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. शेजारच्या दोन जिल्ह्यांत अशाच संस्था असतील तर तिघींनी एकाच नावाने, एकाच दराने, एकाच नमुन्याचा माल द्या, उद्योग म्हणून नोंदणी करा आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर या. बिल अकरा महिने अडकू शकतं, आमचं अडकलं होतं, तेव्हा तेवढे महिने मजुरी भागेल इतका पैसा हाताशी असल्याशिवाय मोठी ऑर्डर घेऊ नका. आणि खोक्यावरच्या लेबलात ‘अंध’ हा शब्द लहान करा, मापं आणि नगांची संख्या मोठी. भांडारपाल तेच वाचतो.